रिकाम्या हातांची हमी

टॅलो क्रीक, मिसिसिपी
रविवार, ८ ऑगस्ट १९६५

लेम,

मागचं पत्र तू न वाचताच परत पाठवलंस. पाकिटावर तुझ्या अक्षरात 'नको' एवढंच. कडेला चिकटपट्टी होती, म्हणजे तुरुंगातल्या साहेबांनी ते आधी उघडून वाचलेलं होतं. मी लिहिलं तुला आणि वाचलं भलत्याच माणसाने. हेही पत्र तसंच जाणार. साहेब, वाचत असाल तर माझा नमस्कार घ्या आणि वाचून झाल्यावर हे निदान माझ्या भावाच्या हातात पडू द्या.

घर ठीक आहे. तुझ्या टोमॅटोला पाणी घालते. दुकान चालू आहे, गिऱ्हाइकं येतात. मतदार यादीत नाव घालायचं सोपं करणारा कायदा परवा वॉशिंग्टनला झाला म्हणे, त्यामुळे सगळ्यांना एकदम केस नीट करून घ्यायचे आहेत. नाव घालायला कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या तर डोकं व्यवस्थित हवं, असं प्रत्येकीला वाटतं. दिवसभर केस सरळ करायचा लोखंडी कंगवा तापवून तापवून माझी बोटं भाजली आहेत.

आता मुद्द्याचं. वकील हॉब्सन जॅक्सनहून आले होते. ते म्हणतात, तुझा खटला पुन्हा ऐकायला न्यायाधीश तयार झाले आहेत, नोव्हेंबरात. तुझी पाच वर्षांची शिक्षा कमी व्हायची असेल तर ती तेव्हाच, नंतर संधी नाही. त्यासाठी नवी साक्ष लागेल. हे सांगताना ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, मला जे माहीत होतं ते मी जूनमध्येच कागदावर लिहून दिलंय.

त्या कागदावर सही केली म्हणून तू रागावला आहेस, हे मला कळतं. पण माझी बाजूही ऐक. मतदार नोंदणीसाठी कोर्टाकडे निघालेल्या मोर्चातली एकशे त्रेचाळीस माणसं जत्रेच्या मैदानावरच्या गुरांच्या शेडमध्ये सहा दिवस कोंडलेली होती. डोक्यावर पत्रा, खाली शेणाने कुजलेला पेंढा. सहाव्या दिवशी महापौरांचा निरोप आला की मोर्चात एकाकडे चाकू सापडलाय, तेव्हा 'शांततेचा मोर्चा' हे थोतांड आहे. पण चाकूवाला तुमचा नव्हता असं लिहून दिलंत, तर बाकीच्यांना सोडतो. तुला त्यांनी आधीच वेगळं काढून गावातल्या कोठडीत नेलं होतं. पाळक पेटिग्रूंनी कागद लिहिला: 'लेम्युएल स्ट्रोदर आमच्या मोर्चातला नव्हता. तो आमच्या नकळत आत शिरला. आमच्या प्रत्येक माणसाला चर्चच्या दाराशी तपासलं होतं आणि प्रत्येकाचे हात रिकामे होते.' त्यांच्या सहीखाली माझी सही, शपथेवर, कारण दाराशी टोपली घेऊन मी उभी होते. त्याच संध्याकाळी सगळी सुटली. डेल्फीन चार दिवसांचं बाळ घेऊन बाहेर आली, तेव्हा तिच्या पायांना सूज होती.

माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस, ते मला सांग. चाकूचं मला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेली गोष्ट मी शपथेवर कशी सांगणार?

पायमोजे पाठवते आहे. ते तरी परत पाठवू नकोस.

लुवीनिया


रविवार, २९ ऑगस्ट

लेम,

पायमोजे परत आले नाहीत, त्यावरून तुला ते मिळाले असं धरून चालते.

हॉब्सन पुन्हा येऊन गेले. चिवट माणूस आहे. म्हणाले, 'मिस स्ट्रोदर, साक्ष द्यायची की नाही ते नंतर ठरवा, पण त्या दिवसाचं जे आठवतंय ते ओळीने लिहून काढा. बायका नेहमी म्हणतात काही आठवत नाही, आणि लिहायला बसल्या की सगळं आठवतं.' मी म्हटलं, बायकांचं तुम्हाला बरंच ठाऊक दिसतंय. ते लाजले. पण लिहिते आहे. तुलाच लिहिते, म्हणजे चुकलं तर तू मनातल्या मनात तरी दुरुस्त करशील.

मोर्चाच्या आधीच्या रविवारी तू जेवायला आला होतास. मी मासळी तळली होती, सोबत कोलार्डची पालेभाजी आणि मक्याची भाकर. तू विचारलंस, 'त्यांच्याकडे कुत्री, काठ्या, बंदुका. तुमच्याकडे काय?'

'गाणी,' मी म्हटलं.

'अरे वा. मग जरा कुत्र्यांना आवडतील अशी म्हणा.'

मी तुला म्हटलं की पाळकसाहेबांना तीनदा मार बसला, पण त्यांनी कधी हात उचलला नाही, आणि म्हणूनच लोक त्यांच्या मागून चालतात. त्यांनी हिंदुस्थानातल्या त्या पंचेवाल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली होती, तीही मी तुला सांगितली. तू म्हणालास, 'तो म्हातारा टॅलो क्रीकला राहिला असता, तर आमचा शेरीफ बघून त्याने निदान एक कुत्रा तरी पाळला असता.' मग म्हणालास, 'ताई, वसंतात पाळकसाहेबांच्या घरावर गोळ्या झाडल्या. तेव्हापासून मी आणि कोरियाच्या लढाईहून परतलेले तिघे त्यांच्या ओसरीवर आळीपाळीने बंदूक घेऊन बसतो. त्यानंतर कोणी फिरकलं का? तुमची अहिंसा माझ्या पहाऱ्यात घोरत पडलेली असते.'

'तुझ्या बंदुकीने आजवर एकाचं तरी नाव मतदार यादीत घातलं का?'

'नाव घालायला माणूस जिवंत लागतो.'

असं आपलं वर्षभर चाललं होतं. त्या दिवशी मला ते संपवायचं होतं, म्हणून मी म्हटलं, एकदा माझ्याबरोबर चालून बघ, मग बोल. तू विचारलंस, 'मारलं तर?'

'खाली बसायचं आणि हातांनी डोकं झाकायचं.'

'आणि तुला मारलं तर?'

'तेव्हाही तेच.'

तू ताटातला शेवटचा काटा बाजूला काढलास आणि म्हणालास, 'ठीक आहे. मोर्चात असेन तोवर तुझं ऐकेन.' तेव्हा मला वाटलं, मी जिंकले.

शनिवारी, १२ जूनला, सकाळी चर्चच्या दारात टोपली घेऊन मी उभी राहिले. आपला नियम तुला ठाऊक आहे: हत्यार म्हणता येईल असं काहीही बरोबर न्यायचं नाही. खिशातले चाकू, नखं घासायच्या कानशी, टोपीच्या पिना, न्हाव्याचा वस्तरा, सगळं टोपलीत. एका म्हाताऱ्याने कवळी काढून टाकायचं सोंग केलं, 'यानेही चावता येतं' म्हणून. सगळे हसले. घाबरलेली माणसं कशालाही हसतात.

मग ओरामावशी आली. आपण दोघं तिच्याच हातावर जन्मलो, आणि या भागातली निम्मी काळी माणसंही. सत्तरी उलटली तरी बाळंतपणाची पिशवी खांद्याला. मी पिशवी उघडायला लावली. आत उकळून स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली कात्री होती.

'लुवीनिया, हे हत्यार नाही गं,' ती म्हणाली. 'डेल्फीनचे दिवस भरत आलेत. कितीदा सांगितलं घरी बस, पण पोरगी चालायचंच म्हणते. तिच्यासाठी असू दे.'

'मावशी, तिला टोक आहे, धार आहे. उद्या वर्तमानपत्रात फोटो आला तर लोकांना कात्री दिसेल, नाळ नाही दिसणार.'

तिने वाद घातला नाही. कात्री टोपलीत ठेवली, टाकली नाही. बाकीची पिशवी मी तिला नेऊ दिली.

मग तू आलास. तुझे खिसे तू स्वतः उलटे करून दाखवलेस. खिशांत काही नव्हतं. मी म्हटलं, पुढे चल.

कोर्टापर्यंत आम्ही पोचलोच नाही. पुलाशी ट्रक उभे होते, त्यांत भरून आम्हाला मैदानावर नेलं. शेडच्या मधोमध लोखंडी नळ्यांचं कुंपण होतं. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी डेल्फीनला कळा सुरू झाल्या. आम्ही पोलिसांना डॉक्टर आणा म्हटलं. ते म्हणाले, गाईंना लागतो का डॉक्टर?

डोकं आलं, पण नाळेचे दोन वेढे मानेभोवती आवळलेले होते. ओरामावशी म्हणाली, आत्ताच्या आत्ता कापली नाही तर पोर हातचं जाईल. कोणाकडे धारेचं काही आहे का, तिने विचारलं. मी म्हटलं, कोणाकडे काही नाही, मी स्वतः बघितलंय. मग तू कुंपणावरून उडी मारून आलास. तुझ्या हातात पिवळ्या मुठीचा चाकू होता. मावशीने त्यावर औषध ओतलं, नाळ कापली आणि मुलगी बाहेर आली. आधी निळी होती, मग रडली. पुढचं सगळं कोर्टात झालंच आहे.

हे मी हॉब्सनना देईन. यात नवीन काही नाही, असं ते म्हणतील.

लुवीनिया


रविवार, ३ ऑक्टोबर

लेम,

तुझं उत्तर नाही. हॉब्सन म्हणाले, तू बारा पौंडांनी उतरला आहेस आणि दिवसभर कापूस वेचतोस. मला एकही चिठ्ठी लिहून द्यायला तू तयार नाहीस. ओरामावशीला निरोप दिलास, पहाऱ्यावरच्या तिघांना दिलास. मला नाही.

या आठवड्यात दोन माणसं दुकानात येऊन गेली, तेवढं सांगते.

बुधवारी पाळकसाहेब आले. बायकांच्या दुकानात पुरुष आला की सगळ्या गप्प होतात. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. त्यांना कुठून तरी कळलं होतं की हॉब्सन माझ्या मागे लागलेत.

ते म्हणाले, 'तू त्याची बहीण आहेस, तुझा जीव तुटतो हे मला कळतं. माझाही तुटतो. माझ्या बायकापोरांसाठी तो ओसरीवर बसत होता. पण एक सांगतो. आपल्याकडे बंदुका नाहीत, पैसा नाही, पोलीस नाहीत. आपल्याकडे एवढंच आहे की आपण हात रिकामे म्हटलं की जग विश्वास ठेवतं. आपण शपथेवर खोटं लिहिलं असं उद्या कोर्टात सिद्ध झालं, तर पुढच्या मोर्चात माणसांवर कुत्री सोडताना शेरीफ म्हणेल, चाकू असतील, यांचं काय खरं धरायचं? आणि ते लोकांना पटेल.'

लेम, ते चुकीचं बोलत नव्हते. हे तुला आवडणार नाही, पण तू तिथे असतास तर तुलाही लगेच उत्तर सुचलं नसतं. ऑगस्टपासून आपल्या गल्लीतल्या एकसष्ट जणांची नावं यादीत चढली. ती कोणी बंदूक दाखवून चढवलेली नाहीत.

मी त्यांना म्हटलं, 'पाळकसाहेब, मी काही ठरवलेलं नाही.' ते म्हणाले, 'खोटं काही लिहिलंच नाही आपण, तेव्हा ठरवायचं काय?' आणि टोपी घालून गेले. त्यांना खरंच तसं वाटतं. त्यांना मी कधी काही सांगितलेलंच नाही.

काल ओरामावशी आली. जूननंतर पहिल्यांदाच. चार महिने ती शेजारच्या गावात जाऊन केस करून घेत होती, या वयात, बसने. खुर्चीत बसली. मी कंगवा तापवला. अर्धं डोकं झालं. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, 'वकिलाने मला तुझा कागद वाचून दाखवला. मी धारेचं काही आहे का विचारलं, असं तू लिहिलंयस.'

'विचारलंसच ना तू.'

'तीनदा विचारलं, लुवीनिया. तू एकदाच लिहिलंयस.'

माझा कंगवा तिच्या कानाशीच राहिला. ती म्हणाली, 'कान भाजेल माझा, कंगवा बाजूला धर.'

बाकीचं या पत्रात लिहिता येत नाही. हे भलत्याच माणसाच्या हातात पडणार आहे.

लुवीनिया


रविवार, २४ ऑक्टोबर

लेम,

हे पत्र हॉब्सन स्वतः घेऊन येतील. वकिलाचे कागद तुरुंगात उघडत नाहीत. त्यांना मी सांगितलंय, तू 'नको' म्हणालास तर तुझ्यासमोर बसून मोठ्याने वाचा. त्यांचं वाचन रटाळ आहे, तेव्हा तूच वाचलेलं बरं.

आत्तापर्यंत तुला जे लिहिलं त्यात खोटं होतं. आधीच्या पत्रांत लिहिलं की तू सहीमुळे रागावला आहेस. तू सहीमुळे रागावलेला नाहीस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सही एकशे बेचाळीस माणसं सोडवायला केली, ते तू समजून घेतलं असतंस. सैन्यात राहिलेला माणूस आहेस तू. तू कशाने रागावला आहेस ते फक्त तुला, मला आणि ओरामावशीला ठाऊक आहे.

चर्चच्या दाराशी तू खिसे उलटे करून दाखवलेस, तेव्हा उजव्या पायाची नाडी बांधायला वाकलास. पँट वर सरकली. मोज्यात पिवळी मूठ होती. मी बघितली. मी बघितली हे तू बघितलंस. माझ्या हातात टोपली होती आणि तिच्यात सगळ्यात वर ओरामावशीची कात्री होती, फडक्यात गुंडाळलेली. तुला एवढंच म्हणायचं होतं मी: 'लेम, तोही ठेव.' तू ठेवला असतास. वाकलास ते मला विचारायलाच वाकलास, असं मला आता वाटतं.

मी म्हटलं, पुढे चल.

का, ते इतके दिवस मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. रांग खोळंबली होती, तू भाऊ होतास, चारचौघांत तमाशा नको होता, अशी कारणं मी जमवून ठेवली होती. त्यांतलं एकही खरं नाही. खरं हे आहे की ती मूठ बघून मला बरं वाटलं. पुलावर कुत्री असणार हे माहीत होतं. एवढ्या माणसांत एकाकडे तरी काहीतरी आहे आणि तो माझा भाऊ आहे, या विचाराने माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तीन वर्षं मी लोकांना शिकवत आले की भीतीपोटी हत्यार धरू नका. त्याच तोंडाने मी तुला आत सोडलं.

कोणी मला विचारलं की तू रिकाम्या हातांवर विश्वास ठेवतेस का, तर मी आजही हो म्हणेन. तेही खोटं नाही. दोन्ही एकाच बाईच्या पोटात कसं राहतं ते मला समजावता येत नाही.

आता शेडमधलं.

ओरामावशीने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, कोणाकडे काही नाही. सवयीने म्हटलं, असं मी स्वतःला सांगत होते. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे बघून विचारलं, कारण तिची कात्री मी घेतली होती. तेव्हा मी कुंपणाकडे बघितलं. तू नळीला दोन्ही हात धरून उभा होतास आणि माझ्याकडे बघत होतास. तू शब्द दिला होतास की मोर्चात माझं ऐकशील. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

मी खाली बघितलं. मी पेंढ्याकडे बघत राहिले, लेम. माझ्या मनात त्या वेळी पोर नव्हतं, डेल्फीन नव्हती. मनात हे होतं की चाकू निघाला तर सगळे विचारतील टोपली कोणाकडे होती. माझ्या शब्दाला या गावात मान आहे, तो जाईल. मी मूग गिळून बसले. डेल्फीनच्या किंचाळण्यातही मी बसून राहिले.

तिसऱ्यांदा मावशीने विचारलं नाही, ओरडली. तेव्हा तू माझ्याकडे न बघता उडी मारलीस.

मावशीचे दोन्ही हात बाळात गुंतलेले होते, म्हणून कापून झाल्यावर तिने चाकू तुझ्या हातात परत दिला. तेवढ्यात पोलीस आत आला. कोर्टात तो म्हणाला, तू त्याच्या अंगावर चाकू घेऊन धावलास. मी दोन हातांच्या अंतरावर होते. तू चाकू पेंढ्यात ठेवलास, लाथेने लांब सारलास आणि मग खाली बसलास. खाली बसून हातांनी डोकं झाकलंस. चौघांनी मारलं. तू एकदाही हात उचलला नाहीस. तू मला दिलेल्या शब्दाला जागलास, आणि मी चार दिवसांनी लिहून दिलं की तू आमचा नव्हतास.

यातलं एक अक्षरही मी तुझ्या खटल्यात बोलले नाही. मला कोणी बोलावलं नाही, हे खरं. मीही गेले नाही. डेल्फीन आणि मावशीने सांगितलं, तर सरकारी वकिलाने माझा कागद वर धरला आणि ज्यूरीला म्हणाला, याला याचेच लोक ओळखत नाहीत.

नोव्हेंबरात मी हे सगळं सांगणार आहे. हॉब्सननी बजावलंय की शपथेवर खोटं लिहिल्याबद्दल मला तुरुंगात टाकतील आणि दुकानाचा परवाना जाईल. शिवाय पाळकसाहेब म्हणाले ते होईल ते वेगळंच. मी उद्या त्यांच्याकडे जाऊन त्यांना आधी सांगणार आहे, त्यांना कोर्टात धक्का बसायला नको.

हॉब्सन म्हणाले, तू परवा पहिल्यांदा माझ्याबद्दल बोललास: 'तिला सांगा, बोलू नकोस. दुकान जाईल.' एवढा राग असून दुकानाची काळजी करतोस. तुझं हे ऐकणार नाही. एकदा तुझं ऐकायला हवं होतं तेव्हा ऐकलं नाही, आता नको तेव्हा कशाला ऐकू?

मी माफी मागितलेली नाही, हे लक्षात आलं असेल. ती कोर्टात बोलून झाल्यावर मागेन. आधी मागितली तर ती स्वस्तात पडेल.

तुझी ताई
लुवीनिया


शनिवार, २० नोव्हेंबर

लेम,

निकाल तुला काल तिथेच कळला, तरी लिहिते. हॉब्सन म्हणतात, लिहिलेलं बरं असतं.

पोलिसावर हल्ल्याचा आरोप गेला. न्यायाधीशांनी तोंड वाकडं करून का होईना तो काढला. चाकू लपवून नेल्याचा राहिला, त्याला सहा महिने. त्यातले पाच तू भोगलेस. १३ डिसेंबरला सुटतोस. ओरामावशी निकालानंतर बाकावर बसून राहिली. तिला उठवायला दोघींना हात द्यावा लागला. ती एवढी हसत होती.

सरकारी वकिलाने माझं काय काय केलं ते तू बघितलंस. 'लुवीनिया, तेव्हा खोटं बोललीस की आता?' मी म्हटलं, तेव्हा. 'म्हणजे तू खोटं बोलतेस?' हो. 'चाकू बघून पोलिसांना का कळवलं नाहीस?' मी म्हटलं, ज्यांच्यासाठी तो मोज्यात होता त्यांनाच कसं कळवायचं? वरच्या सज्जात बसलेले आपले लोक हसले आणि न्यायाधीशांनी हातोडा आपटला. मग त्याने विचारलं, 'चाकू बघून तुला काय वाटलं?' मी म्हटलं, बरं वाटलं. त्यावर कोणी हसलं नाही. मी वर बघितलं नाही, पण पाळकसाहेब तिथे आहेत हे मला ठाऊक होतं.

त्यांना आधी सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'तू आपलं फार मोठं नुकसान करणार आहेस.' मी म्हटलं, हो. ते म्हणाले, 'आणि मी तुला अडवू शकत नाही.' तेही मी हो म्हटलं. काल कोर्टातून त्यांनी मला गाडीतून घरी सोडलं. वाटेत त्यांनी एवढंच विचारलं की तुझी तब्येत कशी दिसली. मी सांगितलं, बारीक झालाय. उतरताना म्हणाले, पुढच्या मोर्चाला टोपली दुसऱ्या कोणाकडे देऊ. मला वाईट वाटलं. खोटं सांगणार नाही, फार वाईट वाटलं. पण त्यांचं बरोबर आहे.

मला नव्वद दिवस. सोमवारी सकाळी नऊला गावातल्या कोठडीत हजर व्हायचं. परवाना गेला. दुकानाच्या खुर्च्या झाकून ठेवल्या आहेत. डेल्फीन म्हणते, ती तिच्या स्वयंपाकघरात माझी गिऱ्हाइकं करेल, कंगवा दे. मी तिला दोन दिले. तिच्या मुलीला दोन दात आलेत आणि ती दिसेल ते चावते.

तुला साखळी घालून नेत होते तेव्हा मी व्हरांड्यात उभी होते. मला वाटलं होतं, तू बघणारही नाहीस. तू थांबलास. पोलिसाने ढकललं तरी थांबलास. मी म्हटलं, 'लेम, मला माफ कर.' आधी ठरवलेलं सगळं विसरले, तेवढंच आलं.

तू म्हणालास, 'ताई, मी तुला अजून माफ केलेलं नाही.'

मग त्यांनी तुला नेलं. मी घरी येऊन चहा केला आणि तो गार होईपर्यंत तशीच बसून राहिले. पाच महिन्यांनी तू मला ताई म्हणालास. बाकीचं वाक्यही मी नीट ऐकलंय, आणि ते मला मान्य आहे.

तू सुटशील तेव्हा मी आत असेन. किल्ली ओरामावशीकडे ठेवली आहे. कोठडीत भेटायची वेळ शनिवारी दहा ते अकरा. एका वेळी एकच माणूस सोडतात. मावशी यायचं म्हणत होती, पाळकसाहेबही म्हणाले. दोघांना मी सांगितलंय की १८ डिसेंबरपासून शनिवार मोकळे ठेवायचे आहेत, कोणी येऊ नका.

तुझी ताई
लुवीनिया